ताठरतेचं इंजेक्शन घरी घ्यायचं तर

तुमचा प्रश्न नीट वाचला. मुद्द्याचं तेवढं पुन्हा मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. वय ५३, माजलगावकडचं गाव, शुगर दहा-बारा वर्षांची. ताठरता हळूहळू कमी होत गेली. मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांवर वर्षभर निभावलं, मग त्याही लागू पडेनाशा झाल्या. शहरात गुप्तरोगाची पाटी लावून बसलेल्या एकाने लिंगात इंजेक्शन दिलं आणि दहा मिनिटांत ताठरता आली. निघताना त्याने लेबल नसलेली एक छोटी बाटली आणि इन्सुलिनच्या सिरींज हातात ठेवल्या, ‘दहा पॉइंट घेत जा’ म्हणाला, म्हणजे सिरींजवरच्या दहाच्या रेघेपर्यंत. घरी पहिल्यांदा दहा घेतले, काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा पंधरा घेतले, तर साडेतीन तास उतरलंच नाही. घरच्यांना यातलं काही माहीत नाही. आता तुम्ही विचारताय की नेमके किती पॉइंट घ्यावेत आणि हे घरी घेणं धोक्याचं आहे का.

आधी आजचं सांगतो. त्या बाटलीतलं औषध आता घेऊ नका, एक पॉइंटसुद्धा नाही. बाटली आणि सिरींज मात्र फेकू नका, डॉक्टरकडे जाताना सोबत न्या. साडेतीन तास ताठर राहिलं त्या अर्थी एकदा तपासणीही करून घ्या. नंतर सगळं पूर्वीसारखं वाटत असलं तरी आत कुठे गाठ किंवा कडकपणा राहिलाय का, हे हाताने चाचपून पाहावं लागतं.

‘किती पॉइंट’ याचं उत्तर मी देऊ शकत नाही, आणि दुसऱ्या कुणी दिलं तरी मानू नका. बाटलीत कोणतं औषध आहे, मिलीलीटरमागे किती आहे, हे माहीत नसताना पॉइंटला काही अर्थच नाही. हे इंजेक्शन घरी घेता येतं का? येतं. माझे कितीतरी रुग्ण वर्षानुवर्षं घरी घेतायत आणि त्यांचं छान चाललंय. पण त्यांच्या बाटलीवर नाव आहे, त्यांचा डोस दवाखान्यात आमच्या समोर ठरलाय, आणि उतरलं नाही तर रात्री कुठे जायचं हे त्यांना पहिलं इंजेक्शन घेण्याआधीच माहीत आहे. तुमच्याकडे यातली एकही गोष्ट नाही. खरी अडचण ती आहे, इंजेक्शन नव्हे.

हा काही लॉजवरच्या वैदूंनी काढलेला उपचार नाही. १९८२ साली फ्रान्समधल्या रोनाल्ड विराग या शल्यचिकित्सकांनी पॅपाव्हरिन हे औषध लिंगात टोचल्यावर ताठरता येते हे प्रसिद्ध केलं. पुढच्याच वर्षी ब्रिटिश शास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली यांनी अमेरिकेत मूत्ररोगतज्ज्ञांच्या परिषदेत अशाच औषधाचा परिणाम स्वतःवर घेऊन दाखवला. सिल्डेनाफिलची, म्हणजे व्हायग्राची, गोळी आली १९९८ मध्ये. म्हणजे गोळीच्या आधी पंधरा वर्षं जगभरचे डॉक्टर इंजेक्शनच वापरत होते, आणि गोळी लागू पडत नाही अशा बऱ्याच रुग्णांना आजही तेच उपयोगी पडतं.

गोळी चालत नाही आणि इंजेक्शन चालतं, असं का होतं? लिंगाच्या आत स्पंजसारख्या दोन नळ्या असतात. मनात इच्छा आली की मज्जातंतू तिथे निरोप पोहोचवतात, आतले स्नायू सैल पडतात, रक्त आत भरतं आणि भरलेला स्पंजच बाहेर जाणाऱ्या शिरा दाबून धरतो. गोळी या निरोपाचा जोर वाढवते, निरोप मात्र शरीरालाच पाठवावा लागतो. बरीच वर्षं शुगर वाढलेली राहिली की मज्जातंतू झिजतात, निरोप पोहोचतच नाही, मग गोळी काय वाढवणार? इंजेक्शन थेट त्या स्नायूंनाच सैल करतं. म्हणून ते मधुमेहात, मणक्याला मार लागल्यावर किंवा प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतरही काम करू शकतं. धोक्याचं मूळही तिथेच आहे. निरोपाची गरज नाही, तसं ते वीर्यस्खलन झालं की लगेच उतरेलच असंही नाही. औषधाचा अंमल संपेल तेव्हाच उतरतं. डोस जास्त झाला तर हा अंमल तासन्‌तास राहतो.

पण तुमची गाडी इंजेक्शनपर्यंत जरा घाईने आलीय असं मला वाटतं. गोळी ‘लागू पडत नाही’ म्हणून येणाऱ्या बऱ्याच जणांनी ती नीट घेतलेलीच नसते. सिल्डेनाफिल रिकाम्या पोटी, तासभर आधी घ्यायची असते. आपल्याकडे रात्री मटणाचं जेवण होतं, वर कधी दारू असते, मग गोळी घेतली जाते आणि दहा मिनिटांत काही झालं नाही की ‘फेल’ ठरते. पुरेशा डोसात, योग्य वेळी, निदान सहा-आठ वेळा घेऊन बघितल्याशिवाय गोळीवर फुली मारू नये. त्याखेरीज सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान रक्तातलं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, तपासून घ्या. मधुमेही आणि पोट सुटलेल्या पुरुषांत ते कमी असणं नवल नाही, आणि कमी असेल तर ते भरून काढल्यावर जुनीच गोळी पुन्हा चालू लागलेली मी पाहिली आहे. तीन महिन्यांची सरासरी शुगर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, बीपी हे सगळं त्याच खेपेत होऊन जातं.

आणि हृदय. याबाबत मी कुणाचंही काही ऐकून घेत नाही. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे चरबीचा थर बसायला लागला की अडथळा आधी इथे जाणवतो, छातीत पुढे दोन-चार वर्षांनी. चाळिशी-पन्नाशीतल्या मधुमेही माणसाची ताठरता गेली तर तो हृदयाने आधीच दिलेला इशारा असू शकतो. दोन जिने न थांबता चढता येतात का? चढताना छाती भरून येते का? येत असेल तर आधी ईसीजी, इको आणि हृदयरोगतज्ज्ञ, हे नंतर. छातीतल्या दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी चालू असेल, तर सिल्डेनाफिल आणि तिच्या जातीची कोणतीही गोळी पूर्ण बंद. बीपी इतकं उतरू शकतं की माणूस दगावतो.

इंजेक्शन कुणाला देऊ नये हेही आधी बघावं लागतं. सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल तर नाही, नुसता वाहक असला तरी नाही. किनवट-माहूरकडच्या, विदर्भातल्या, नंदुरबारकडच्या रुग्णांना मी हा प्रश्न हटकून विचारतो, घराण्यात कुणाला होता का तेही विचारतो. ल्युकेमिया किंवा मल्टिपल मायलोमा हे रक्ताचे कॅन्सर असतील तर नाही. लिंगात आधीच कृत्रिम रोपण बसवलं असेल तर नाही. लिंगाला मोठा बाक किंवा आत कडक पट्टा असेल तर बहुधा नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर एकदम नकार नसतो, पण त्या लिहून देणाऱ्या डॉक्टरशी बोलावं लागतं. नजर अधू असेल, हात थरथरत असतील किंवा पोटाच्या घेरामुळे खालचं दिसतच नसेल, तर स्वतः टोचणं धोक्याचं. अशा वेळी बायकोला शिकवता येतं, ते शिकवलेलंही आहे.

आता बाटलीकडे येऊ. जगभर सर्वांत जास्त भरवशाचं मानलं जाणारं औषध म्हणजे अल्प्रोस्टॅडिल. पॅपाव्हरिन जुनं आणि स्वस्त, पण ते एकटं वापरलं तर न उतरण्याचा आणि आत व्रण पडून कडक होण्याचा धोका अल्प्रोस्टॅडिलपेक्षा जास्त असतो. म्हणून कधी पॅपाव्हरिन आणि फेन्टोलामिन असं दोघांचं, कधी अल्प्रोस्टॅडिल घालून तिघांचं मिश्रण करतात. मिश्रणात प्रत्येक औषध थोडं थोडं लागतं आणि दुखतंही कमी. पण मिश्रण कोणी, कुठे, किती प्रमाणात केलं हे बाटलीवर लिहिलेलं हवं: औषधांची नावं, मिलीलीटरमागे किती, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत चालेल. एवढं नसेल तर ती बाटली घरात घ्यायचीच नाही.

अल्प्रोस्टॅडिलबद्दल एक गोष्ट मेडिकलवाल्यांनाही सांगावी लागते. हेच औषध जन्मतः हृदयदोष असलेल्या नवजात बाळांसाठीही वापरतात, आणि त्याचं जे ॲम्प्यूल मिळतं त्यात मिलीलीटरमध्ये ५०० मायक्रोग्रॅम असतं. ताठरतेसाठी सुरुवातीचा डोस असतो साधारण अडीच मायक्रोग्रॅम, मज्जातंतूंचा आजार असेल तर त्याहून कमी, आणि पुष्कळांचं काम पाच ते वीसमध्ये भागतं. ते ५०० चं ॲम्प्यूल थेट सिरींजमध्ये ओढलं तर काय होईल याचा हिशेब तुम्हीच करा. ते आधी मोजून पातळ करावं लागतं, आणि हे काम घरच्या ओट्यावर करायचं नसतं.

दुसरा घोळ सिरींजचा, आणि तुमच्या बाबतीत तोही झालेला असू शकतो. आपल्याकडे इन्सुलिनच्या दोन तऱ्हेच्या सिरींज मिळतात. लाल टोपणाची ४० ची, म्हणजे एका मिलीलीटरचे ४० भाग. नारिंगी टोपणाची १०० ची, म्हणजे एका मिलीलीटरचे १०० भाग. लाल टोपणात दहाच्या रेघेपर्यंत भरलं तर पाव मिलीलीटर जातं. नारिंगीत दहाच्या रेघेपर्यंत भरलं तर एक दशांश मिलीलीटर. बाटली तीच, ‘दहा पॉइंट’ तेच, पण औषध अडीचपट. तुमच्या घरात शुगरच्या इन्सुलिनसाठी लाल टोपणाच्या सिरींज असतील आणि त्याने दिलेल्या नारिंगी असतील, तर एकदा काहीच न होणं आणि एकदा साडेतीन तास न उतरणं, दोन्हीचा उलगडा होऊ शकतो. मी चिठ्ठीवर पॉइंट लिहीत नाही, मिलीलीटर लिहितो आणि कोणत्या रंगाच्या टोपणाची सिरींज तेही लिहितो.

तिसरा घोळ आपल्या हवेचा. अल्प्रोस्टॅडिल उष्णता सोसत नाही. ते द्रावण किंवा ते घातलेलं मिश्रण फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, आणि मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२-४३ ला टेकतो, त्यात दुपारी लाइट जाते. केजकडचा एक ऊसतोड मुकादम माझा रुग्ण होता. डोस ठरलेला, व्यवस्थित चाललेलं. हंगामात तो बाटली सोबत घेऊन गेला, आणि कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, कुठला फ्रिज? पाण्याच्या माठाला टेकवून ठेवायचा. औषधाची ताकद उतरत गेली, तसतसा तो डोस स्वतःच वाढवत गेला. पाडव्याला गावी आला, फ्रिजमधली नवी बाटली घेतली आणि वाढवलेलाच डोस टोचला. नवी बाटली पूर्ण ताकदीची. तीन तास झाले तशी त्याने पोराला उठवलं, म्हणाला, ‘गाडी काढ, मला दवाखान्यात न्हे.’ पोराला कारण सांगितलं नाही, पण वेळेत आला म्हणून वाचला. आम्ही औषध देऊन उतरवलं, पुढे काही बिघाड राहिला नाही. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो: परिणाम कमी झाला तर डोस वाढवायचा नाही, आधी बाटली बदलायची, आणि नवी बाटली मूळ ठरलेल्या डोसानेच सुरू करायची. प्रवासात बर्फाचं पाकीट घातलेला छोटा डबा ठेवा, पण बाटली बर्फाला चिकटू देऊ नका. रंग बदललेलं किंवा गढूळ झालेलं औषध टाकून द्या.

डोस ठरवण्याचं काम दवाखान्यातच होतं. अगदी कमी डोसापासून सुरू करतो आणि रुग्णाला बसवून ठेवतो. पाच ते वीस मिनिटांत परिणाम दिसतो. संबंधाला पुरेल इतकी ताठरता यावी आणि ती तासाभरात उतरावी, एवढंच ध्येय. ‘अजून थोडा वाढवा, दोन-तीन तास टिकू द्या’ असं म्हणणारे भेटतात. मी वाढवत नाही. तासाच्या पुढची ताठरता सुखाची नसते, तो न उतरण्याकडे जाणारा रस्ता आहे. पहिल्या दिवशी पूर्ण उतरेपर्यंत कुणालाही घरी सोडत नाही. दवाखान्यात माणूस घाबरलेला असतो म्हणून कधी परिणाम कमी दिसतो आणि घरी तोच डोस जास्त चढतो. ते लक्षात घेऊन घरचा पहिला डोस दवाखान्यात ठरला त्यापेक्षा वर कधीच जाऊ देत नाही. घरी नाही चाललं तर त्याच दिवशी दुसरं टोचायचं नाही, फोन करायचा.

टोचण्याची पद्धत समोर दाखवून, एकदा तुमच्या हातून करवून घेतल्याशिवाय शिकवून झाली असं मी मानत नाही. तरी शब्दांत सांगतो. हात साबणाने धुवा. उजेड भरपूर हवा, न्हाणीघरातला मिणमिणता बल्ब चालत नाही. आधी बसा किंवा टेकून बसा, कारण क्वचित कुणाला चक्कर येते. पुढची कातडी असेल तर ती मागे घ्या आणि लिंगाचं टोक धरून ते मांडीच्या दिशेने सरळ ताणा. ताणलं नाही तर ते फिरतं आणि बाजू चुकते. वर, मधोमध, नसा आणि रक्तवाहिन्या जातात. खाली मधोमध मूत्रमार्ग. या दोन्ही जागा टाळायच्या. तुमच्याकडून बघताना घड्याळाच्या तबकडीवर जिथे दहा आणि दोन वाजतात, त्या बाजूंना, मुळाकडच्या एक तृतीयांश भागात टोचायचं. दिसणारी शीर टाळा. स्पिरिटने पुसा, वाळू द्या. सुई बारीक, २७ ते ३० गेजची आणि साधारण अर्ध्या इंचाची. इन्सुलिन पेनच्या चार मिलीमीटरच्या सुया तोकड्या पडतात, औषध कातडीखालीच राहतं. सुई काटकोनात, न थांबता आत घाला आणि दट्ट्या सावकाश दाबा. औषध सहज गेलं पाहिजे. अडायला लागलं किंवा कातडीखाली फुगा यायला लागला तर सुई जागेवर नाही, जोर लावू नका.

सुई काढल्यावर त्या जागेवर स्वच्छ कापूस धरून पाच मिनिटं दाबून ठेवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर सात ते दहा मिनिटं. हे दाबणं कुणाला महत्त्वाचं वाटत नाही, पण आत रक्त साकळलं की तिथे व्रण पडतो आणि वर्षा-दोन वर्षांनी बाक येतो. पुढच्या वेळी दुसरी बाजू, आणि त्याच बाजूला पुन्हा याल तेव्हा जागा थोडी सरकवून. दोन इंजेक्शनांत निदान २४ तास, आठवड्यात तीनपेक्षा जास्त नाहीत. सिरींज एकदाच वापरायची. वापरलेली सुई उकिरड्यात किंवा शेताच्या बांधावर टाकू नका, जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत जमवा आणि दवाखान्यात आणून द्या.

अल्प्रोस्टॅडिलने साधारण एक तृतीयांश लोकांना लिंगात दुखतं, ठणका लागल्यासारखं. मज्जातंतूंना इजा झालेल्यांना ते जास्त जाणवतं. बहुतेकांना सहन होतं, नाही झालं तर मिश्रणाकडे वळता येतं. गोळी आणि इंजेक्शन एकाच दिवशी स्वतःच्या मनाने एकत्र करू नका. दारू पिऊन टोचू नका. आणि हे इंजेक्शन इच्छा वाढवत नाही, मूल होऊ देणं किंवा न देणं त्याच्या हातात नाही, रोगांपासूनही वाचवत नाही. उलट टोचलेल्या जागी रक्ताचा थेंब असतो, त्यामुळे धोका असेल तिथे कंडोम हवाच.

आता न उतरण्याबद्दल, कारण जीव घाबरावा अशी गोष्ट हीच. ताठर लिंगात भरलेलं रक्त कोंडलेलं असतं. नवं रक्त येत नाही, असलेल्यातला प्राणवायू संपतो, आतला स्नायू गुदमरतो. चार तासांपर्यंत बहुधा निभावतं. त्यापुढे दर तासाला नुकसान वाढत जातं, आणि दीड-दोन दिवस तसंच राहिलं तर तो स्नायू मरून तिथे व्रण होतो, पुन्हा कधीच नैसर्गिक ताठरता येत नाही. ज्या गोष्टीसाठी हे सगळं चाललंय तीच कायमची जाते. म्हणून टोचल्याची वेळ लिहून ठेवायची. तासाभरात उतरायला हवं. दीड तास झाला तर चालायला लागा, जिने चढा-उतरा, लघवी करून या, फडक्यात गुंडाळलेला बर्फ मांडीच्या आतल्या बाजूला धरा. दोन तास झाले की डॉक्टरला फोन, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी. तीन तास झाले की घरातून निघायचं. चौथा तास भरायच्या आत तुम्ही रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत हवेत. शहरातल्या माणसाला त्याहून थोडं उशिरा निघता येईल. आपल्याला तासाभराचा रस्ता, पावसाळ्यात पूल, रात्री गाडी मिळणं, हे सगळं धरून आधीच निघावं लागतं. मेडिकलवाल्याला उठवून ‘उतरायची गोळी’ मागण्यात तास घालवू नका, बीपी असलेल्याला तसली गोळी वेगळाच धोका करते.

तुमच्या भागातून अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय किंवा बीडचं जिल्हा रुग्णालय गाठता येतं. इंजेक्शन सुरू करण्याआधी तुमच्या डॉक्टरलाच विचारा की रात्री अशी वेळ आली तर नेमकं कुठे यायचं आणि तिथे कोण बघेल. एका कागदावर औषधाचं नाव, डोस, डॉक्टरचा फोन आणि ‘लिंग ताठरता इंजेक्शननंतर उतरत नाही’ एवढं लिहून पाकिटात ठेवा. कॅज्युअल्टीत चार लोकांसमोर बोलायला जीभ रेटत नाही, तेव्हा तो कागद नुसता पुढे करायचा. तिथले डॉक्टर बारीक सुईने कोंडलेलं काळपट रक्त काढतात आणि बीपीवर लक्ष ठेवत फेनिलेफ्रिन नावाचं औषध थोडं थोडं देतात. वेळेत आलेल्यांचं बहुतेक वेळा एवढ्यावर उतरतं. माझ्याकडे उशिरा पोहोचलेले बहुतेक रुग्ण रस्त्यामुळे उशिरा आले नव्हते. सकाळ होऊ दे, घरात कळायला नको, म्हणून थांबले होते.

यावरूनच घरच्यांबद्दल बोलतो. तुम्ही वहिनींना सांगितलेलं नाही. तुमचा संकोच मला कळतो, या गोष्टीवर नवरा-बायकोतही तीस-तीस वर्षं शब्द निघत नाही. पण लपून टोचणारा माणूस घाई करतो, अंधारात टोचतो, दाबून धरायचं सोडतो आणि रात्री उतरलं नाही तर कुणाला हाकही मारू शकत नाही. मी शक्यतो दोघांना एकत्र बोलावतो. पुष्कळदा बायकोला वाटत असतं की नवऱ्याचं आपल्यावरून मन उडालंय किंवा बाहेर काही आहे. शुगरने मज्जातंतू झिजलेत, हे डॉक्टरच्या तोंडून ऐकलं की तिच्या मनावरचं मोठं ओझं उतरतं. आणि कधी कधी तीच सांगते की मला हे सुई-बिई काही नको, आहे तसं बरं आहे. तेही ऐकून घ्यायला हवं.

इंजेक्शन सुरू झालं की दर तीन महिन्यांनी दाखवायला या. मी चाचपून गाठ, पट्टा, बाक बघतो, बाटली आणि सिरींजही बघतो. नवा बाक दिसला तर इंजेक्शन थांबवतो. नीट निवडलेल्या रुग्णांत दहापैकी सात-आठ जणांना याने समाधानकारक ताठरता मिळते, पण बरेचजण पहिल्या वर्षातच कंटाळून सोडतात, सुईला कंटाळतात. त्यात कमीपणा काही नाही. हवेच्या दाबावर चालणारा व्हॅक्यूम पंप आहे, तो फ्रिज मागत नाही आणि त्याने रात्री दवाखान्यात पळायची वेळ सहसा येत नाही. त्याची रबरी कडी मात्र अर्ध्या तासाच्या आत काढायची. कशानेच भागलं नाही तर ऑपरेशन करून आत रोपण बसवता येतं. ते महाग आहे, आणि मधुमेहात जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून शुगर आधी आटोक्यात आणावी लागते. प्लाझ्मा किंवा स्टेम सेलची इंजेक्शनं सध्या जोरात विकली जातायत. त्यांचा उपयोग अजून सिद्ध झालेला नाही, त्यात पैसे घालू नका. ‘मर्दानी ताकद’ वाढवण्याच्या भिंतीवरच्या जाहिराती तर १९५४ च्या कायद्यानेच बंद आहेत, तरी एसटी स्टँडच्या बाहेर त्या दिसतातच.

तुम्ही आता मूत्ररोगतज्ज्ञाची वेळ घ्या. सकाळी लवकर जा, म्हणजे टेस्टोस्टेरॉनचं रक्त त्याच दिवशी देता येईल. शुगर-बीपीच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला आणि जमलं तर वहिनींना सोबत न्या.